दर्या, दऱ्या आणि स्टार्टचं बटण

रोहा स्टेशनात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. दोन्हींचा कारभार वेगळा, हिशेब वेगळा, माणसं वेगळी. तरी दिव्याला सावंतवाडी पॅसेंजरमध्ये बसलेल्या चाकरमान्याला रोह्यात उतरून गाडी बदलावी लागत नाही. हद्द कधी ओलांडली हे त्याला कळतही नाही, कारण दोन्हीकडे दोन रुळांमधलं अंतर एकच आहे: १,६७६ मिलिमीटर. जवळच कुंडलिका वाहते. तिच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी. गावं दोन, पण नगरपरिषद एकच, रोहा अष्टमी नगरपरिषद. मधे पूल आहे म्हणून हे जमतं.

कॉम्प्युटरच्या जगात मराठी मजकुराला असे एका मापाचे रूळ आणि असा पूल मिळायला बराच काळ गेला. तुम्ही आज फोनवर मराठीत मेसेज टाइप करता, तो पुण्यातल्या मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवर जसाच्या तसा उमटतो आणि ह्यात काही विशेष आहे असं कोणाला वाटत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हे होत नव्हतं. अष्टमीतल्या एखाद्या घरची लग्नपत्रिका रोह्यात टाइप केली, फ्लॉपीवर घेतली आणि पेणच्या छापखान्यात नेली, तर तिथे ती उघडेलच याची खात्री नसायची. उघडली तरी ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांचा काला दिसू शकायचा.

‘कोणती ऑपरेटिंग सिस्टिम वापरायला सोपी?’ हा वाद जुना आहे. पूर्वी तो विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्यात चालायचा. आता अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यात चालतो. या वादात मेनू किती सुटसुटीत, आयकॉन किती देखणे, मशीन किती वेळा अडकतं यांची तुलना होते. मराठी माणसाच्या रोजच्या वापराचा इतिहास पाहिला, तर मात्र निकाल वेगळ्याच प्रश्नांवर लागलेला दिसतो. इथे माझ्या भाषेत नीट लिहिता येतं का? इथे लिहिलेलं उद्या दुसरीकडे उघडेल का? आणि अडलं, तर विचारायला जवळ कोणी आहे का?

डॉसला मराठी शिकवणारं कार्ड

ऐंशीच्या दशकात ऑफिसांमध्ये जे पर्सनल कॉम्प्युटर आले, ते बहुतेक डॉसवर चालायचे. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा कर्सर, आणि प्रत्येक काम करून घ्यायला टाइप करायचा इंग्रजी हुकूम. डॉसला देवनागरीचा गंधही नव्हता. त्याच्या हिशेबात एक अक्षर म्हणजे एक खण. आपल्याकडे ‘क्षि’ लिहायला क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार गोष्टी लागतात, आणि त्यातली वेलांटी उच्चारात शेवटी येऊनही कागदावर सगळ्यात आधी दिसते.

यावरचा उपाय आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आला आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने तो बाजारात पोचवला. त्याचं नाव जिस्ट. कॉम्प्युटरच्या आतल्या खाचेत एक कार्ड बसवायचं. ते कार्ड कीबोर्ड आणि पडदा यांच्या मधे उभं राहून दुभाष्याचं काम करायचं. डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या प्रोग्रामला आपण मराठी मजकूर हाताळतो आहोत याचा पत्ताही नसायचा. त्याला दिसायचे फक्त आकडे; त्या आकड्यांची अक्षरं कार्ड करायचं.

या आकड्यांसाठी एक प्रमाण ठरलं: इस्की. भारतीय मानक म्हणून ते १९९१ मध्ये आलं. टाइप करण्यासाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड त्याच्याही आधी, १९८६ मध्ये ठरला होता. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मांडणी मराठी, बंगाली, तमिळ सगळ्यांना एकच. आणि अक्षरं टाइप करायची ती उच्चाराच्या क्रमाने: ‘कि’साठी आधी क, मग वेलांटी.

विचार म्हणून हे उत्तमच होतं. पण त्या वेळी मराठी टाइप करणाऱ्या माणसाची बोटं टाइपरायटरवर तयार झाली होती. टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये महिनोन्‌महिने घासून मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झालेला कारकून ‘कि’ लिहिताना आधी वेलांटीच मारायचा, कारण टाइपरायटर कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसतं तेच छापतो. इनस्क्रिप्टचं तर्कशास्त्र भाषेच्या रचनेला धरून होतं आणि टाइपरायटरचं डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराला. त्या कारकुनासाठी सोपं कोणतं, तर हाताला सवय झालेलं. हा साधा मुद्दा पुढे प्रत्येक टप्प्यावर पुन्हा भेटतो.

फॉन्टांची बेटं

नव्वदच्या दशकात विंडोज आली. हुकूम पाठ करण्याची गरज संपली, माउसने टिचकी मारली की काम होऊ लागलं. १९९५ नंतर डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चं बटण आलं. छोट्या गावांत डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सवाच्या अहवालाच्या पुस्तिका, निवडणुकीची पत्रकं, सगळं तिथे होऊ लागलं.

पण ज्या विंडोज ९५ आणि ९८ वर हे सगळं चालायचं, त्यांनाही देवनागरी येत नव्हती. दुकानांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे मराठी फॉन्ट. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ खण असायचे, आणि त्यातले पुष्कळ इंग्रजी अक्षरांसाठी राखलेले. मराठी फॉन्ट बनवणाऱ्याने इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी आकार बसवायचा. कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजीच लिहिलं आहे. डोळ्याला दिसायचं मराठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, सी-डॅकचं आयएसएम ही पॅकेजं या वाटेने घरोघर नाही तरी दुकानोदुकानी पोचली. काहींबरोबर एक कुलूप यायचं, कॉम्प्युटरच्या मागे लावायचा चिमुकला डोंगल. तो काढला, की मराठी बंद.

घोटाळा असा, की कोणत्या खणात कोणता आकार बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. एकीच्या ‘क’च्या जागी दुसरीचा अर्धा ‘ष’. म्हणून रोह्यातली पत्रिका पेणला उघडायची नाही. त्यातून अक्षरं साठवली जायची ती दिसण्याच्या क्रमाने. ‘किरण’मध्ये आधी वेलांटी, मग क. अशी नावांची यादी अकारविल्हे लावायला कॉम्प्युटरला सांगितलं, तर किरण, दिलीप आणि विजय वेलांटीच्या खणाप्रमाणे एका ठिकाणी गोळा व्हायचे. मजकूर दिसायचा मराठी, पण मशीनच्या दृष्टीने त्यात भाषा नव्हतीच. नुसते आकार होते.

आणि तरीही दुकानदारासाठी ही व्यवस्था सोपी होती. टाइपरायटरची बोटं तशीच चालायची. पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांत सुंदर वळणाची अक्षरं उमटायची. एकदा का श्रीलिपी, पेजमेकर आणि दहा वर्षांच्या जुन्या फायली असा संसार विंडोजवर मांडला, की दुसरी कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम फुकट दिली तरी तिचा उपयोग नव्हता. मॅक जास्त देखणा असेल, लिनक्स जास्त भक्कम असेल. पण मागच्या वर्षीचा अहवाल त्यात उघडणार नसेल, तर ते सगळं पाण्यात. विंडोज महाराष्ट्रात टिकली त्यात तिच्या मेनूंच्या गुणांइतकाच या जुन्या फायलींचा हात होता.

वृत्तपत्रांच्या वेबसाइटही याच बेटांवर राहिल्या. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्यायचा. काही ठिकाणी फॉन्ट आपोआप यायचा, पण तो इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच. दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला, मॅक किंवा लिनक्सवर बसलेल्या परदेशातल्या मराठी माणसाला, गावाकडची बातमी समोर असूनही वाचता यायची नाही.

‘सोपं’ वर्गात शिकवलं गेलं

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि त्याचा एमएस-सीआयटी हा कोर्स राज्यभर पसरला. तुमच्या घरात तिशी-चाळिशी ओलांडलेलं कोणी असेल, तर त्याचं सर्टिफिकेट कपाटात असण्याची शक्यता बरीच आहे. शासकीय नोकरीला कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र लागू लागलं, तसे तालुक्यातालुक्याला वर्ग भरले. लाखो माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला तो या वर्गांत.

ते जे शिकले, त्याचं नाव ‘कॉम्प्युटर’ असं होतं, पण प्रत्यक्षात ती विंडोज आणि तिच्यावरचं ऑफिस होतं. स्टार्ट बटण कुठे, फाइल कशी सेव्ह करायची, वर्डमध्ये तक्ता कसा काढायचा. पुढे कोणी दुसरी सिस्टिम समोर ठेवली, की ‘हे अवघड आहे’ असं उत्तर यायचं. त्या ‘अवघड’चा अर्थ ‘हे आम्हाला शिकवलेलं नाही’ असा होता.

याच काळात केरळने दुसरा रस्ता धरला. तिथल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने सरकारी शाळांमध्ये लिनक्स आणला, शिक्षकांना त्यावर तयार केलं आणि दहावीची आयटीची परीक्षाही त्यावर घेतली. तिथल्या मुलांना लिनक्स अवघड वाटला नाही, कारण त्यांनी पाहिलेला पहिला कॉम्प्युटर तोच होता आणि अडलं तर विचारायला वर्गात बाई होत्या. माणसाची बुद्धी रोह्यात आणि कोल्लममध्ये सारखीच. फरक वर्गाचा होता.

विंडोजने या काळात मराठीचा मूळ प्रश्न सोडवायला घेतला होता. युनिकोड नावाच्या जागतिक व्यवस्थेत प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. देवनागरीचे क्रमांक इस्कीच्या आराखड्यावरूनच घेतलेले. म्हणजे पुण्या-कानपूरच्या माणसांनी केलेलं काम वाया गेलं नाही, ते जगाच्या रुळांत मुरलं. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये मंगल हा देवनागरी फॉन्ट आणि ही व्यवस्था होती. २००१ च्या एक्सपीतही होती, पण लपलेली. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘गुंतागुंतीच्या लिप्या’ असा एक चौकोन निवडायचा, मग विंडोजची सीडी घालायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. ज्याच्याकडे सीडी नाही, त्याच्या एक्सपीत मराठी असूनही नसल्यासारखी. लाखो मशीन वर्षानुवर्षं तशीच राहिली. सोय अस्तित्वात असणं आणि ती हाताशी असणं यातलं अंतर त्या एका चौकोनाएवढं होतं.

ज्यांनी तो चौकोन ओलांडला, त्यांनी मात्र नवं जग उभं केलं. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, ‘मनोगत’ हे संकेतस्थळ २००४ मध्ये. रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवण्याची सवय तिथे लागली, आणि इनस्क्रिप्ट किंवा टाइपरायटर कधीही न शिकलेली पिढी मराठी लिहू लागली.

खैराटच्या मुलांचा लॅपटॉप

या कहाणीतला सगळ्यात वेगळा प्रयोग रायगड जिल्ह्यातच झाला. कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याची जिल्हा परिषदेची एकशिक्षकी शाळा. २००७ च्या ऑक्टोबरात तिथल्या वीसेक मुलांच्या हातात हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या अमेरिकेतून सुरू झालेल्या मोहिमेचा भारतातला तो पहिला प्रयोग. मोहिमेचे प्रवर्तक निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा २००५ मध्ये केली होती. केंद्राच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच त्याला नकार दिला होता, त्यामुळे खैराटचा प्रयोग सरकारी योजनेबाहेर, खाजगी मदतीवर उभा राहिला.

त्या लॅपटॉपमध्ये विंडोज नव्हती. आत लिनक्स होतं आणि वर ‘शुगर’ नावाचं मुलांसाठी नव्याने रचलेलं रूप. शुगरमध्ये स्टार्ट बटण नव्हतं, फोल्डर नव्हते, ‘सेव्ह’ करणंही जवळजवळ नव्हतं. पडद्याच्या मधोमध मुलाची एक आकृती, भोवती गोलात त्याला करता येतील अशा गोष्टी: लिहिणं, चित्र काढणं, आवाज किंवा फोटो टिपणं. जे केलं ते तारखेनुसार एका रोजनिशीत आपोआप जमा व्हायचं. आणखी एक पान होतं शेजाराचं. त्यावर आसपासचे बाकीचे लॅपटॉप ठिपक्यांसारखे दिसायचे. इंटरनेट नसतानाही ते आपापसांत जोडले जायचे. पडदा भर उन्हात वाचता यायचा.

शुगर रचणाऱ्यांनी विचार केला होता तो नेमका असा: ऑफिसातलं टेबल, फायली आणि कचऱ्याची टोपली ही विंडोज-मॅकची उपमा ज्या मुलाने ऑफिस पाहिलेलंच नाही त्याला कशाला? वाडीवरच्या मुलाला शेजार कळतो. म्हणून शेजार.

मग १५ मे २००८ रोजी जाहीर झालं, की याच लॅपटॉपवर विंडोज एक्सपीही चालेल. मायक्रोसॉफ्टने परवान्याची किंमत तीन डॉलर ठेवली. एकाच यंत्रावर दोन प्रतिस्पर्धी सिस्टिम, अशी सरळ तुलना क्वचितच वाट्याला येते. विंडोजची मागणी मुलांकडून आलेली नव्हती. ती आली मोहिमेने ज्यांना लॅपटॉप विकायचे होते त्या देशांच्या शिक्षण खात्यांकडून. मोठ्यांच्या मनात ‘खरा कॉम्प्युटर’ म्हणजे स्टार्ट बटण असलेला, कारण नोकरी त्यावर मिळते. शुगरचे प्रमुख वॉल्टर बेंडर मोहिमेतून बाहेर पडले आणि त्यांनी शुगर लॅब्स ही वेगळी संस्था काढली.

दोन्ही बाजूंना आपापलं खरं होतं. आठ वर्षांच्या मुलीला आज हातात घेताक्षणी काय जमेल, हा एक सोपेपणा. दहा वर्षांनी ती तालुक्याला कामाला गेली, तर तिथल्या मशीनसमोर तिला परकं वाटणार नाही ना, हा दुसरा. खैराटला पहिला मिळाला. पण त्या रोजनिशीतून बाहेर पडणारा रस्ता, म्हणजे वरच्या वर्गात, शेजारच्या गावात, कर्जतच्या दुकानात तसंच काही असण्याची सोय, नव्हती. दक्षिण अमेरिकेत उरुग्वेने हेच लॅपटॉप देशभरातल्या प्राथमिक शाळांत दिले तेव्हा दुरुस्ती, इंटरनेट आणि शिक्षकांची तयारी यांची यंत्रणाही बरोबर उभी केली. तिथे ते टिकले. पेरूने लाखोंनी वाटले, पण २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर त्यांचा परिणाम दिसला नाही. सिस्टिम तीच, आजूबाजूची व्यवस्था वेगळी.

मराठी मेनू आणि परके शब्द

लिनक्सच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. मराठीला पूर्ण घर देण्याची तयारी त्याने लवकर दाखवली. इंडलिनक्स या स्वयंसेवी प्रकल्पाने भारतीय भाषांसाठी काम सुरू केलं. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित हे फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. ना डोंगल, ना परवाना. पुण्यातल्या माणसांनी मेनू, सूचना, मदतीची पानं अशी हजारो वाक्यं मराठीत आणली. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स आवृत्ती काढली.

ती वापरली किती जणांनी? फार थोड्यांनी. एक कारण वर आलंच आहे: जुन्या फायली आणि न भरलेले वर्ग. दुसरं कारण शब्दांचं. ज्याने ‘एडिट’, ‘सेव्ह’, ‘फोल्डर’ हे शब्द इंग्रजीत घोकून कॉम्प्युटर शिकला, त्याला ‘संपादन’, ‘जतन करा’, ‘संचयिका’ वाचून क्षणभर थांबावं लागायचं. स्वतःच्या भाषेतला मेनू त्याला परका वाटायचा आणि तो भाषा पुन्हा इंग्रजी करून टाकायचा. विंडोजसाठी निघालेल्या मराठी आवरणाचीही हीच गत. या अनुभवातूनच २००८ च्या सुमारास रेड हॅटच्या लोकांनी ‘फ्यूएल’ प्रकल्प सुरू केला: रोज लागणारे काही शे शब्द घ्यायचे आणि भाषेची जाण असलेल्या माणसांनी एकत्र बसून कोणता प्रतिशब्द ठेवायचा ते ठरवायचं. भाषांतर बरोबर असणं पुरत नाही, ते तोंडात बसावं लागतं, ही जाण त्यामागे होती.

चौकोनांचे दिवस

यानंतर फोन आला आणि जुनी सगळी मांडणी मोडली. पण आल्याआल्या नव्हे. अँड्रॉइडचे सुरुवातीचे फोन पुष्कळदा मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दाखवायचे. काही फोनांत अक्षरं दिसायची, पण जोडाक्षर फुटायचं आणि वेलांटी भलत्या अक्षराला चिकटायची. २०११ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट दिसू लागली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत, लॉलिपॉपमध्ये, फोनचे मेनू मराठीत मिळू लागले. सरकारने २०१६ मध्ये फोनसाठी भारतीय भाषांचं मानक बंधनकारक करण्याचा आदेश काढला: सगळ्या अधिकृत भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भाषेत टाइप करता आलं पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठी बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्या आजीला कीबोर्ड सापडत नव्हता, ती फोनशी बोलू लागली.

त्याच वर्षी जिओफोनही आला: दीड हजार रुपयांच्या अनामतीवर, स्पर्शाचा पडदा नसलेला, आकड्यांच्या बटणांचा. त्यात अँड्रॉइड नव्हतं. फायरफॉक्सच्या बंद पडलेल्या फोन सिस्टिमपासून निघालेली कायओएस होती. नोकियाची बटणं दाबायची सवय असलेल्या माणसाला ती ओळखीची होती. पण तिच्यावर व्हॉट्सॲप यायला २०१८ उजाडलं. तोवर फोन कितीही सोपा असला, तरी घरातली सगळी माणसं ज्या गप्पांत आहेत, तिथे त्याला शिरता येत नव्हतं.

इथे अँड्रॉइडने बाजी मारली त्यामागे जुनीच तीन कारणं आहेत. मराठी आत होती, सीडी न घालता. इथे लिहिलेलं दुसरीकडे उघडत होतं, कारण युनिकोडचे रूळ आता सगळीकडे एका मापाचे झाले होते. आणि विचारायला घरातलं पोर होतं, शेजारी होता, रिचार्जच्या दुकानातला मुलगा होता, कारण त्या सगळ्यांकडे तोच फोन होता. आयफोन किती सोपा आहे याची चर्चा त्या किमतीचा फोन घेऊ शकणाऱ्यांत चालते. रोह्याच्या बाजारात सोपा फोन म्हणजे शेजाऱ्याकडे आहे तो.

जे अजून बेटावर आहे

मग प्रश्न सुटला का? दोन गोष्टी बाकी आहेत, आणि दोन्हींचा संबंध तुमच्याशी येतो.

पहिली, मशीनची. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ जुन्या कॉम्प्युटरला स्वीकारत नाही. शाळांच्या संगणक कक्षात, ग्रंथालयांत, छोट्या दुकानांत चालती-फिरती मशीनं पडून आहेत. त्यांना लिनक्सवर अजून काही वर्षं काम करता येईल. आज ब्राउझर उघडला की बहुतेक कामं होतात, मराठी आपोआप दिसते, शब्दांचीही सवय झाली आहे. वीस वर्षांपूर्वी लिनक्सकडे नव्हतं ते जवळपास सगळं आता आहे; कमी आहे तो विचारायला माणूस. तो माणूस कॉलेजात शिकणारा तुमच्यापैकी कोणी होऊ शकतो.

दुसरी गोष्ट जास्त घाईची आहे. साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत महाराष्ट्रात जे छापलं गेलं, त्यातलं पुष्कळसं जुन्या फॉन्टमध्ये अडकलेलं आहे. गावोगावच्या मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, संस्थांची इतिवृत्तं, आजोबांनी डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं आत्मचरित्र. सीडी सापडते, फाइल उघडते, पण समोर येतो तो इंग्रजी अक्षरांचा काला. ज्या फॉन्टमध्ये ते लिहिलं त्याचा डोंगल हरवला, दुकान बंद पडलं, दुकानदार गावाला गेला. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक आहेत आणि बरेचसे चांगले चालतात. पण कोणती फाइल कोणत्या फॉन्टमधली, हे सांगणारी माणसं वर्षागणिक कमी होत आहेत. मोडी वाचणारे कमी झाल्यावर दप्तरांचं जे झालं, ते आपल्या डोळ्यांदेखत सीडींचं होईल. मोडी निदान कागदावर डोळ्यांनी दिसते.

पूर्ण सुटलेलं म्हणावं तर नव्या फोनवरही एखादा खडा दाताखाली येतो. ‘ॲप’ शब्दातल्या पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, मराठीसाठी. त्याआधी तो अ आणि वर चंद्रकोर असा दोन तुकड्यांत लिहायचे, आणि काही कीबोर्ड अजून तसाच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात. शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. आणि मराठीचा तो खास ‘ऱ’. हिंदीला तो लागत नाही, म्हणून बराच काळ यंत्रांनी त्याची फारशी फिकीर केली नाही. पण कोकणात राहून ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक करता येत नसेल, तर काय लिहायचं? एक रायगडच्या पश्चिमेला आहे, दुसऱ्या पूर्वेला.

पुढच्या वेळी कोणी नवा फोन दाखवून ‘वापरायला एकदम सोपा’ असं म्हणालं, तर तो हातात घ्या आणि हे दोन शब्द एकाखाली एक लिहून बघा. मग ते स्वतःला पाठवा, दुसऱ्या कंपनीच्या फोनवर. तिथेही समुद्र समुद्रच राहिला आणि सह्याद्री सह्याद्रीच, तर फोन आपल्या कामाचा आहे.